बाविसावं मिनिट

"कात्री नको! लुंबिनी, कात्री खाली ठेव! खोकं फाटेल!"

"पप्पा, खोकं फाडायलाच असतं!"

"असं कुठं लिहिलंय?" पप्पांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि चिकटपट्टीचं टोक नखाने शोधायला सुरुवात केली.

लुंबिनीचा जीव वरखाली होत होता. खोक्यात नवाकोरा गेम कन्सोल होता! जेमतेम आठवड्यापूर्वी बाजारात आलेला! नांदेडच्या दुकानांत अजून नुसती त्याची पोस्टरं लागली होती, आणि इथे मुदखेडच्या रेल्वे क्वार्टरमध्ये तो खुद्द येऊन पोचला होता. पाठवला होता अश्वजितदादाने, चेन्नईहून.

दादा तिथे जहाजाच्या इंजिनाचं काम शिकत होता. येत्या शुक्रवारी संध्याकाळी तो जहाजावर चढणार होता आणि पुढचे सहा महिने समुद्रावरच राहणार होता. तिथून घरी फोन लागला तरी नशीब. खेळण्याइतकं इंटरनेट तर नाहीच.

"माझ्या मित्राकडे हाच कन्सोल आहे," दादाने फोनवर सांगितलं होतं. "रोज चार ते पाच तो मला देणार. तू तिकडे, मी इकडे, खेळ एकच! सोमवार ते शुक्रवार, पाच दिवस. डोंगर चढून टाकू, लुंबे!"

लुंबिनीला ते पाच दिवस फार मोठे वाटत होते. जूनमध्ये पप्पांची मुदखेडला बदली झाली आणि ते तिकीट खिडकीवर बसू लागले. आई देवणीच्या दवाखान्यात परिचारिका, ती फक्त रविवारी यायची. शाळेत सगळ्यांच्या जोड्या पहिलीपासून ठरलेल्या होत्या. आता दिवाळीची सुट्टी लागली होती, आणि दुपारभर क्वार्टरमध्ये लुंबिनी आणि भिंतीवरचं घड्याळ, एवढेच दोघे असत.

अखेर खोकं उघडलं! पांढराशुभ्र कन्सोल बाहेर आला. दोन जाड शब्दकोश एकावर एक ठेवावेत एवढा, पण हातात घेतला तर भलताच जड. त्याला नव्या दप्तरासारखा वास होता. समोर एक बारीक पांढरा दिवा, कडेला आणि मागे बारीक फटींच्या रांगा.

सुरुवात मात्र रडकीच झाली. टीव्हीला जोडल्यावर पडद्यावर एक निळी पट्टी आली आणि पप्पांनी घरी ठेवलेल्या जुन्या मोबाईलच्या नेटवर तब्बल दीड तास गोगलगायीसारखी सरकत राहिली. सूचनांमध्ये मराठी नव्हतीच. आणि खेळही एकच मिळाला होता.

पण चार वाजता तो खेळ सुरू झाला, आणि लुंबिनी पापणी मिटायची विसरली! बर्फाचा उंच डोंगर. दोन गिर्यारोहक. दोघांच्या कमरेला मिळून एकच दोर. वारा सुटला की हातातला कंट्रोलर आधी डाव्या तळव्यात थरथरायचा, मग उजव्या. मुठीत चिमणीचं पिल्लू धरावं तसा! लाल टोपीवाल्या गड्याच्या भुवयांवर साचलेला बर्फसुद्धा मोजता येत होता.

"लुंबे, ऐकू येतंय?" कंट्रोलरमधूनच दादाचा आवाज आला.

"दादा! तू कुठंयस?"

"तुझ्या मागं बघ की!"

तिने गड्याला वळवलं. निळ्या टोपीवाला हात हलवत उभा होता. लुंबिनी हसली. मग तिने खोलीत आपल्या मागे पाहिलं. तिथे रिकामी खुर्ची होती.

"दोघांनी शिखरावर जायचं आणि तिथली घंटा दोघांनी मिळून वाजवायची," दादा म्हणाला. "एकट्याने ओढली तर वाजतच नाही. चल!"

खेळ सहापर्यंत रंगला. मित्राने दादाला पहिल्या दिवशी एक तास जास्तीचा दिला होता.

संध्याकाळी पप्पा ड्यूटीवरून आले ते वह्यांना घालतात तसलं पारदर्शक प्लास्टिक घेऊनच. मांडी घालून बसले आणि त्यांनी कन्सोलला असं झकास कव्हर घातलं की कुठे सुरकुती दिसेना! माहितीची पुस्तिका न उघडता, पाकिटासकट त्यांनी पुन्हा खोक्यात ठेवली आणि खोकं लोखंडी कपाटात. "हरवायला नको."

त्या घरात हे नेहमीचंच होतं. रिमोट पिशवीत, सोफा प्लास्टिकमध्ये. व्हरांड्यात दादाची सायकल तर हँडलपासून चाकापर्यंत पॉलिथिनमध्ये गुंडाळलेली. लुंबिनीने दोनदा ती मागितली होती. "दादा आल्यावर," पप्पा म्हणायचे. "त्यानं जशी ठेवली तशीच त्याला दिसली पाहिजे."

*

मंगळवारी चारला खेळ सुरू झाला. लाल टोपीवाला एका कड्याला लटकला होता, दादा वरून ओढत होता, आणि चार वाजून बावीस मिनिटांनी एकाएकी समोरचा पांढरा दिवा नारिंगी झाला. तीनदा लुकलुकला. पडदा काळा!

लुंबिनीने पुन्हा बटण दाबलं. नऊ मिनिटं चाललं, पुन्हा काळा. मग सहाच मिनिटं.

"ए, बंद पडलं जणू?"

दारात दूध घेऊन व्यंकटी उभा होता. रुळांपलीकडच्या भागवतकाकांचा अकरा वर्षांचा मुलगा. त्याच्या मागे त्याची बहीण दीपमाला. ती आठवीत होती, आणि तिच्या काखेत सुट्टीतसुद्धा वही असायची.

"पडू दे," लुंबिनी तुटकपणे म्हणाली. "ते माझं आणि दादाचं आहे. दूध तिथं ठेव."

व्यंकटीने भांडं ठेवलं. दोघं वळली. फाटकाची कडी वाजली, आणि घरात पुन्हा घड्याळ तेवढं ऐकू येऊ लागलं. कन्सोलवर हात ठेवून लुंबिनी बसून राहिली. तिच्याशी दिवसभरात पप्पा आणि दादाखेरीज कोणी बोललं असेल तर तेवढंच, आणि तेही तिनेच हाकलून दिलं होतं. ती धावतच फाटकाशी गेली.

"ऐका ना!" ती ओरडली. "तुम्हाला... तुम्हाला यातलं काही कळतं का?"

"मला?" व्यंकटीने छातीवर हात ठेवला. "मला समदंच कळतंय!"

"त्याला काही कळत नाही," दीपमाला म्हणाली. "मलाही नाही. पण वहीत लिहून काढलं की कळायला लागतं. उद्या चारला येतो."

बुधवारी दीपमालेने घड्याळ समोर ठेवलं. खेळ सुरू झाला. दोघं नवखी लुंबिनीच्या दोन्ही बाजूंना श्वास रोखून बसली. चार वाजून बावीस मिनिटं. लांबून गाडीची शिट्टी आली, क्वार्टरच्या खिडक्या खडखडल्या, आणि दिवा नारिंगी! पडदा काळा!

"सापडलं!" व्यंकटीने उडी मारली. "गाडी आली की बंद! रेल्वेच बंद करून राहिली! लुंबिनीताई, तुझे पप्पाच चोर!"

"गप रे! पप्पा तिकिटं देतात, गाडी नाही चालवत!"

"भांडू नका," दीपमालेने वही उघडली. "एका वेळी एकच गोष्ट बदलायची. आता हे थंड होऊ दे. साडेपाचला गाडी नसते, तेव्हा लावून बघू."

साडेपाचला लावलं. गाडी नव्हती, शिट्टी नव्हती, आणि तरीही बाविसाव्या मिनिटाला पडदा काळा.

"गाडी सुटली!" व्यंकटी हिरमुसला. "मग लाईट कमी-जास्त होत असंल."

"पंखा बघ, टीव्ही बघ. दोन्ही चालूच आहेत. लाईटही सुटली," दीपमालेने फुली मारली. "सोमवारी दोन तास चाललं म्हणतेस. मंगळवारपासून बावीस मिनिटं. मग सोमवारी संध्याकाळी काय बदललं?"

लुंबिनीने पुष्कळ आठवून पाहिलं. "काहीच नाही."

"याच्यासोबत माहितीचं पुस्तक असेल ना?"

"कपाटात आहे. किल्ली पप्पांकडे."

पप्पा आले. त्यांनी बंद पडलेला पडदा पाहिला आणि निकाल देऊन टाकला. "कंपनीचाच दोष. उद्या सकाळी मी नांदेडला नेऊन शंकरप्पांच्या दुकानात टाकतो."

"पप्पा, आम्ही शोधतोय! आणि शुक्रवारी दादा..."

"शंकरप्पा वीस वर्षं दुरुस्तीच करतात. तुम्ही काय शोधणार?"

गुरुवारी दुपारी पप्पांचा फोन आला. शंकरप्पांनी सांगितलं होतं, आतला बोर्ड गेला. शुक्रवारी पाचला कुरिअरवाला कन्सोल घेऊन जाईल, कंपनीकडून यायला महिना.

*

गुरुवारी चार वाजता लुंबिनी काळ्या टीव्हीसमोर जाऊन बसली. का, ते तिलाही सांगता आलं नसतं. टीव्हीच्या काचेत एक मुलगी आणि एक रिकामी खुर्ची दिसत होती. फोन वाजला.

"जय भीम, लुंबे," दादा म्हणाला. "मी खेळात आहे. तू नाहीस, पण खेळ तुझा गडी तिथंच ठेवतो. राखाडी होऊन लटकलाय बिचारा."

"मग तू पुढं जा ना."

"दोर एकच आहे. मी धरून बसलोय. बर्फ पडतोय, छान दिसतंय." पलीकडून खेळातल्या वाऱ्याचा आवाज आला. "नाही जमलं तर राहू दे. सहा महिने काय, भुर्रकन जातात."

ते भुर्रकन जात नाहीत, हे दोघांनाही ठाऊक होतं.

फोन ठेवला तेवढ्यात व्यंकटी धापा टाकत आला. "ताई, चल रानात! ढगं आल्यात, अण्णा सोयाबीनचा ढीग उघडून राहिलेत. हात लावायला माणसं पाहिजेत!"

मुदखेडला येऊन पाच महिने झाले होते, पण रुळांपलीकडे लुंबिनी पहिल्यांदाच जात होती. खळ्यावर सोयाबीनचा मोठा ढीग ताडपत्रीखाली झाकलेला होता. व्यंकटीच्या अण्णांनी, म्हणजे भागवतकाकांनी, एक टोक उचललं, आणि आतून पांढरी वाफ भसकन बाहेर आली!

"आगं बाबो! पेटलं?" लुंबिनी मागे सरकली.

"पेटलं न्हाई, पोरी. हात घाल बरं आत."

तिने कोपरापर्यंत हात घातला आणि चटकन ओढला. "केवढं गरम! पण इथं तर ऊनसुद्धा नाही!"

"माल जरा ओला व्हता. त्यात वरून झाकला. आतली धग भाईर जायला वाट न्हाई. मग तापणारच की! पाऊस लागू नये म्हणून झाकतो, आन झाकल्यानंच नासतोय. थोडं उघडं ठेवलं की बास."

लुंबिनी तशीच उभी राहिली. हात गरम, आणि डोळ्यांपुढे कन्सोलच्या मागच्या फटींच्या रांगा. त्यांच्यावर सुरकुती नसलेलं, झकास, पारदर्शक...

"दीपमाला!" ती किंचाळली. "बदललं होतं! सोमवारी संध्याकाळी बदललं होतं! पप्पांनी कव्हर घातलं!"

"आणि ते तू काल सांगितलं नाहीस?"

"आमच्याकडे सगळ्यालाच असतं गं! ते मला दिसतच नाही!"

दीपमालेने वही काढली, पेन झटकलं आणि सावकाश लिहिलं: 'धग बाहेर जायला वाट नाही.' मग वर पाहून म्हणाली, "पण हा अंदाज झाला. कव्हर काढून चालवल्याशिवाय खरं नाही."

शुक्रवारी सकाळी लुंबिनी स्टेशनवर पोचली तेव्हा तिकीट खिडकीपुढे ही रांग! ती काचेशी वाकली. "पप्पा, बोर्ड गेलेला नाही! तुमच्या कव्हरमुळे..."

"लुंबे, गाडी लागलीय. नंतर."

"भागवतकाका सोयाबीन विकायला नांदेडच्या मोंढ्याला निघालेत. मी, दीपमाला, व्यंकटी त्यांच्यासोबत जाऊ?"

"भागवतराव आहेत ना? जा. खाऊन जा काहीतरी. हां, दोन नांदेड... पुढं या!"

*

पिकअपमध्ये सोयाबीनच्या पोत्यांवर बसून तिघं नांदेडला पोचली. मोंढ्यात वजनकाट्यासाठी गाड्यांची रांग होती. माल उतरेपर्यंत सव्वातीन झाले. भागवतकाकांनी त्यांना शंकरप्पांच्या दुकानाशी आणून सोडलं आणि बाहेर गाडीशीच थांबले.

दुकानात टीव्ही, मिक्सर आणि गिऱ्हाइकं यांची दाटी होती. आणि कोपऱ्यात बांधून तयार ते खोकं!

"महिन्यानं या," शंकरप्पा मान वर न करता म्हणाले. "बोर्ड गेलाय."

"तुम्ही कव्हर काढून बघितलं का, काका?" लुंबिनीने विचारलं.

"कव्हरनं काय व्हतंय? वीस वर्षं हेच करून राहिलोय मी. चालू केलं, बंद पडलं. झालं!"

लुंबिनी दोन पावलं मागे सरकली. पण दीपमाला पुढे झाली आणि अगदी गरीब चेहऱ्याने म्हणाली, "बरोबर आहे काका. तुम्हाला जास्त कळतं. फक्त खोक्यावरचा हा कंपनीचा फॉर्म जरा... इथं 'किती मिनिटांनी बंद पडते' असं विचारलंय. तुम्ही जागा रिकामीच ठेवलीय. कंपनी परत नाही ना पाठवायची?"

"लिही, पाच मिनिटं."

"मोजली होती?"

मिक्सर घेऊन आलेल्या एक मावशी हसल्या. शंकरप्पांचे कान लाल झाले. "मोज! आत्ता मोज! पाच मिनिटांत बंद न्हाई पडलं, तर माझ्या खुर्चीवर या पोराला बसवतो!"

"मी बसलोच समजा," व्यंकटी म्हणाला.

खोकं उघडलं. कन्सोल बाहेर आला, कव्हरसकट. शेजारीच पुस्तिकेचं पाकीट होतं, अजून चिकटवलेलं. लुंबिनीने कव्हराचं टोक धरलं. पप्पांनी किती नीट घड्या घातल्या होत्या! तिला क्षणभर वाईट वाटलं. मग तिने ते सोलून काढलं.

तीन चाळीसला कन्सोल सुरू झाला. पाच मिनिटं. दहा. व्यंकटी खुर्चीच्या अवतीभोवती घिरट्या घालू लागला. भागवतकाकांच्या मोबाईलचं नेट जोडलं होतं. बरोबर चारला पडद्यावर निळ्या टोपीवाला हलला.

"लुंबे? लुंबे, तूच आहेस ना?"

"मीच आहे, दादा! दोर धरलायस ना?"

"सोडलाच नव्हता!"

चार वाजून दोन मिनिटं. बाविसावं मिनिट! दुकानात कुणी हालेना. लुंबिनी खेळत होती, पण तिचा एक डोळा दिव्यावर होता. दिवा पांढरा. तेविसावं मिनिट. पांढराच! दीपमालेने कन्सोलच्या मागे हात धरला. "गरम वारा येतोय! बाहेर येतोय!"

मग तिने पाकीट उघडलं, बोटाने ओळ शोधली आणि इंग्रजी वाचून मराठीत सांगितलं, "नारिंगी दिवा म्हणजे आत उष्णता वाढली. हवेच्या फटी झाकू नयेत. पान तिसरं, काका."

शंकरप्पांनी पुस्तिका हातात घेतली. तिसरं पान दोनदा वाचलं. मग उठले आणि त्यांनी खुर्ची व्यंकटीकडे सरकवली.

पाच वाजायला दहा मिनिटं होती तेव्हा लाल टोपी आणि निळी टोपी शिखरावर पोचल्या. वारा थांबला. कंट्रोलरही शांत झाला. समोर घंटा होती.

"एक, दोन..." दादा म्हणाला.

"तीन!"

घंटेचा आवाज दुकानाबाहेर रस्त्यापर्यंत गेला. मिक्सरवाल्या मावशींनी टाळ्या वाजवल्या. व्यंकटी खुर्चीवरच उभा राहिला.

"लुंबे," दादा म्हणाला. "सामान गाडीत ठेवतायत. मी निघतो. पप्पांना सांभाळ. ते बोलत नाहीत, पण त्यांना करमत नाही."

निळ्या टोपीवाल्याने हात हलवला. मग तो हळूहळू राखाडी झाला. शिखरावर लाल टोपीवाला एकटाच उरला. लुंबिनीने कंट्रोलर खाली ठेवला नाही. नुसता धरून बसली.

"पार्सल आहे का?" दारात कुरिअरवाला उभा होता.

"न्हाई," शंकरप्पा म्हणाले. "न्यायचं काही न्हाई. यंत्र ठीक हाय, माझंच बघायचं राहिलं होतं." मग ते मुलींकडे वळले. "पोरींनो, इथून पुढं मी आधी पुस्तक उघडीन. आन मग तोंड."

*

परत आले तेव्हा दिवेलागण होत होती. पप्पा व्हरांड्याच्या पायरीवर बसले होते. अश्वजितने निघण्याआधी त्यांना फोनवर सगळं सांगितलं होतं.

"साहेब," भागवतकाका हसून म्हणाले, "पोरांनी आमच्या सोयाबीनवरनं यंत्र दुरुस्त केलं बघा!"

पप्पांनी दीपमालेची वही मागून घेतली. पानं सावकाश चाळली. 'गाडी' वरची फुली पाहिली, 'लाईट' वरची फुली पाहिली. "हे काम असं करायचं असतं," ते म्हणाले. "मी रांग बघितली, पोरीकडं बघितलंच नाही. चुकलो मी. शाबास, तिघांचीही." मग लुंबिनीकडे पाहून हळूच म्हणाले, "खराब होऊ नये म्हणून झाकलं होतं गं."

"माहितेय, पप्पा."

मग ते व्हरांड्याच्या कोपऱ्याकडे पाहू लागले. तिथे पॉलिथिनमध्ये गुंडाळलेली सायकल उभी होती.

"लुंबिनी," पप्पा म्हणाले, "कात्री आण."

प्लास्टिक फरकन फाटलं. आतली सायकल जूनमधल्यासारखीच निळी होती, फक्त दोन्ही टायर चपटे होऊन जमिनीला चिकटले होते.

"हात्तिच्या! हवाच न्हाई!" व्यंकटी म्हणाला. "पंप आमच्या घरी हाय. चल!"

लुंबिनीने हँडल धरलं. एका बाजूने दीपमालेने सीट धरली, आणि व्यंकटी मागून ढकलू लागला. रुळांजवळ पोचल्यावर तिने वळून पाहिलं. पप्पा फाटकाशी उभे होते, हातात प्लास्टिकचा चुरगळलेला बोळा. त्यांनी हात हलवला.

तिनेही हलवला, आणि सायकल रुळांपलीकडे नेली.